माईक आपल्याही हातात
(मासिक मेळाव्यातलं भाषण)



सोमवारी वनपट्ट्यांच्या दाव्यांसाठी आपला मोर्चा तहसील कचेरीवर जातोय. काल बैठकीत विचारलं, "सभेत बोलणार कोण?" तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक मावशी म्हणाल्या, "पुढारी बोलतील की!"

बोलू देत. पण त्या जमिनीत राबतं कोण? दाव्याची पोच डब्यात जपून कुणी ठेवलीय?

मार्च २०१८ आठवा. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर शेतकरी चालत गेले. त्यात आदिवासी बाया मोठ्या संख्येनं होत्या. पायांना फोड आले, तरी थांबल्या नाहीत. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून शेवटचा टप्पा रातोरात चालून आझाद मैदान गाठलं. वनजमिनीचे दावे ही त्यांची मोठी मागणी होती. १२ मार्चला सरकारनं लेखी आश्वासन दिलं.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. मग गाऱ्हाणं एकट्यानंच का मांडायचं?

दोनच मिनिटं बोला. गाव कुठलं, दावा कधी टाकला, कुठं अडकला, आणि उत्तर कधीपर्यंत पाहिजे. उत्तर लेखीच मागा. शिव्या नकोत, कागद दाखवा.

प्रत्येक गटानं आजच एकीचं नाव द्या. आवाज कापला तर कापू दे. मागं आपण सगळ्या उभ्या आहोत.