प्लेअर बंद पडतो तेव्हा

संगणकावर गाणी ऐकणारी एक अख्खी पिढी विनॅम्पवर वाढली. 1997 साली आलेला हा प्लेअर 1999 मध्ये एओएलने विकत घेतला आणि 2013 मध्ये तो बंद करत असल्याचेही त्याच कंपनीने जाहीर केले. वापरणाऱ्यांच्या हाती काही नव्हते. याउलट ऑडेशियस हा प्लेअर पाहा. एक्सएमएमएस या मुक्तस्रोत प्लेअरच्या कोडवरून बीप मीडिया प्लेअर निघाला आणि त्यातून ऑडेशियस. परवाना खुला, त्यामुळे कोणाची संमती मागायची गरज पडली नाही. विनॅम्पच्या जुन्या स्किनही त्यावर चालतात, ही गंमतच!

आता कोणी विचारेल, ऑडेशियसवर हौसेने काम करणारी मंडळी उद्या सोडून गेली तर? जातीलही. पण कोड मागे उरतो आणि दुसरा कोणी तो पुढे नेऊ शकतो. स्ट्रीमिंगच्या काळात असा प्लेअर हवाच कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र घरच्या कॅसेटवरून उतरवलेली भजने कुठल्या अ‍ॅपवर शोधणार? ऑडेशियस दिसायला साधा आहे, पण लिनक्स आणि विंडोज या दोन्हींवर विनामूल्य चालतो. घ्यायचा तो मात्र अधिकृत संकेतस्थळावरूनच.