बाइक घरी धुताय? आधी इंजिन बंद करा

आजचा भाग ज्यांच्या दारात बाइक उभी आहे त्या सगळ्यांसाठी. बाइक घरी कशी धुवायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशी सुकवायची, यावर बोलणार आहे. विषय साधा वाटेल, पण यात माझं एक बोट गेलंय. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

मी चिरनेरचा. 25 सप्टेंबर 1930 चा जंगल सत्याग्रह झाला तेच चिरनेर. महागणपतीच्या दर्शनाला तुमच्यातले बरेच जण येऊनही गेले असतील. आमच्याकडे बाइकचे तीन शत्रू. पहिला पाऊस, चार महिने नुसता कोसळतो. दुसरा चिखल आणि धूळ. जेएनपीटीचे कंटेनर ट्रेलर दिघोड्याच्या रस्त्याने दिवसरात्र चालू असतात. त्यांच्या मागे दहा मिनिटं चालवली तरी चाकांवर राखाडी थर बसतो. आणि तिसरा शत्रू दिसत नाही, तो म्हणजे खारी हवा. उरणची खाडी आणि मिठागरं इथून लांब नाहीत. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. चेनवर, स्पोकच्या बुडाशी, नटबोल्टवर धूळ आणि मीठ एकत्र बसलं की गंज आतून सुरू होतो, वरून बाइक चकाचक दिसत असली तरी.

आता बोटाची गोष्ट. चार वर्षांपूर्वीची खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा, गाडीला झेंडूचा हार घालायचा, म्हणून संध्याकाळी अंगणात बाइक धुवायला काढली. चेन साफ करायची होती. मोबाईल बादलीला टेकवून एक व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाने बाइक मेन स्टँडवर घेतली, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि फिरत्या चेनला फडकं लावलं. किती सोपं! मागचं चाक आपोआप फिरतंय, आपण फक्त फडकं धरायचं.

मीही तसंच केलं. खालच्या बाजूने चेनला फडकं धरलं. इंजिनवर चाक पुढे फिरतं तेव्हा खालची चेन मागे जाते, म्हणजे थेट मागच्या दातेरी चकतीकडे, स्प्रॉकेटकडे. फडक्याचा एक धागा कडीत अडकला. पुढचं मला नीट आठवतसुद्धा नाही. हात सोडायला वेळच मिळाला नाही. बाबा पडवीत बसले होते, त्यांनी धावत येऊन चावी फिरवली. उजव्या करंगळीचं पहिलं पेर नखासकट गेलं होतं. पनवेलला हॉस्पिटलमध्ये नेलं, पण जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी कोड लिहून पोट भरतो. की-बोर्डवर एंटर आणि बॅकस्पेस दाबायचं काम याच करंगळीचं. आजही एंटर दाबताना बोट अर्धा सेंटिमीटर कमी पडतं. बाबा त्या दिवशी एकच वाक्य बोलले, "अरे, हाताने फिरत नव्हतं का चाक?" फिरत होतं, बाबा. सहज फिरत होतं.

त्यानंतर सहा-आठ महिने मी बाइकला हातच लावला नाही. वॉशिंग सेंटरला द्यायचो. तिथे जोरदार प्रेशरने दहा मिनिटांत काम व्हायचं. मग मागच्या चाकातून घरघर यायला लागली. मेकॅनिकने बेअरिंग काढून दाखवलं. ग्रीस धुऊन गेलेलं, आत तांबूस पाणी. चाकाच्या मधोमध जे रबरी सील असतं, ते पावसासाठी असतं, हातभर अंतरावरून मारलेल्या प्रेशर जेटसाठी नसतं. तेव्हा ठरवलं की घरीच धुवायचं, पण डोकं लावून.

तर माझी पद्धत सांगतो.

एक. बाहेरून आल्या आल्या पाणी मारू नका. इंजिन, सायलेन्सर, डिस्क तापलेले असतात. अर्धा तास थांबा. गाडी सावलीत लावा, उन्हात साबण अंगावरच वाळतो आणि डाग पडतात. आणि चावी काढून खिशात घाला. ही पहिली पायरी आहे, विसरू नका. चावी खिशात असली की मोह होत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लावा. धुऊन झाल्यावर ती काढायची आठवण ठेवा.

दोन. सामान. दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, एकीत साधं. गाडीचा शाम्पू घ्या. कपड्यांची पावडर नको, ती तिखट असते, रंग आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही फिकट पडतात. फडकी दोन वेगळी ठेवा. चाकाचं फडकं टाकीवर फिरवायचं नाही, त्यातल्या वाळूने ओरखडे पडतात. एक जुना टूथब्रश हवाच.

तीन. आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवून सोडवा. पाइपच्या तोंडाशी बोट धरून येणारी धार पुरते. स्विच, चावीचं भोक आणि एअर फिल्टरच्या बाजूला धार नको.

चार. चाकं. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने फिरवायचं. मेन स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड घ्या, तोही नसेल तर गाडी वीतभर पुढे ढकलत तुकड्या-तुकड्याने साफ करा. वेळ जास्त लागतो, लागू दे. अलॉय असेल तर आतली कड पुसा, तिथे ब्रेकची काळी पूड साचते. स्पोकचं चाक असेल तर प्रत्येक स्पोक रिमला जिथे मिळतो तिथे टूथब्रश फिरवा, गंज तिथूनच सुरू होतो. 2019 नंतरच्या, 125 सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस आहे. चाकाजवळ एक खाचांची रिंग आणि शेजारी छोटा सेन्सर दिसेल. त्यात चिखल ठासला तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागू शकतो. मऊ ब्रशने साफ करा, खरवडू नका.

आणि चाक हळूहळू फिरवताना टायर बघा. आमच्या रस्त्यावर कंटेनर यार्डांमुळे खिळे, पत्र्याचे तुकडे काय कमी नाहीत. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसून बसला तर हवा एकदम जात नाही, दोन दिवस कळतही नाही. मला धुतानाच दोनदा खिळा सापडलाय. इंजिनवर चाक गरगर फिरवलं असतं तर तो दिसलाच नसता.

पाच. चेन. खाली जुना पुठ्ठा ठेवा, म्हणजे तेल अंगणात किंवा विहिरीकडे वाहत जाणार नाही. ब्रशला थोडं रॉकेल किंवा चेन क्लीनर लावा. पेट्रोल नको, आग लागायची भीती आहे आणि ओ-रिंग चेनची रबरं खराब होतात. आता मुख्य गोष्ट. चाक उलट्या दिशेने, मागे फिरवा. असं केलं की खालची चेन स्प्रॉकेटपासून लांब जाते, आणि फडकं खालच्या बाजूला मधोमध धरलं की बोटं दातांकडे ओढली जात नाहीत. एका हाताने फिरवा, दुसऱ्याने पुसा, आणि फिरवणारा हात स्प्रॉकेटजवळ नाही, टायरवर ठेवा. चेनचा ढिलेपणाही तपासा. बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर चालतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

सहा, सुकवणं. इथेच बहुतेक जण कंटाळतात. वरून पुसून गाडीवर कव्हर टाकतात. ओल्या गाडीवर कव्हर म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण, आत वाफ कोंडते. मी आधी गाडी स्टँडवरून उतरवून दोन-तीनदा पुढे-मागे हलवतो, अडकलेलं पाणी गळून पडतं. मग मायक्रोफायबरने वरून खाली पुसतो. चाकाचा मधला भाग, स्पोकची बुडं, बोल्टची डोकी, साइड स्टँडचा सांधा, इथे कोरड्या फडक्याचा कोपरा घालायचा. चेन पूर्ण कोरडी झाल्यावरच तेल लावायचं. ओल्या चेनवर तेल लावलं तर पाणी आत बंद होतं. चेन स्प्रे किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूने, थोडंच, आणि जास्तीचं पुसून घ्या.

स्प्रे मारताना डिस्क आणि टायरमागे पुठ्ठा धरा. डिस्कवर तेलाचा थेंब गेला तर ब्रेक घसरतो. टायर पॉलिश तर लावूच नका. कारला ठीक आहे, बाइक टायरच्या कडेवर वळते. डिस्कला तेल लागलंच तर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदला, पैसे वाचवू नका.

सात. लगेच हायवेला जाऊ नका. ओले ब्रेक पहिल्या एक-दोन दाबांना कमी पकडतात, ड्रम ब्रेक तर जास्तच. गावातल्या रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत दोन्ही ब्रेक आठ-दहा वेळा हलके दाबा. गरम होऊन ते सुकतात. पकड आली याची खात्री झाली की मगच मोठ्या रस्त्याला लागा. पुढे ट्रेलर अचानक थांबतो तेव्हा पहिलाच दाब कामाला यावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, तो पहिल्या ब्रेकला निघून जातो.

या सगळ्याला मला सव्वा तास लागतो, त्यातली पंचवीस मिनिटं नुसतं सुकवण्यात. महिन्यातून दोनदा, पावसाळ्यात जास्त.

दसरा जवळ आलाय. घराघरात गाड्या धुतल्या जातील, आणि कोणीतरी इंजिन चालू ठेवून चेनला फडकं लावत असेल. तुमचा भाऊ, शेजारचा पोरगा, कोणीही. त्याला व्हिडिओ पाठवू नका. जाऊन आधी चावी काढून घ्या, मग समजावून सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, बोटं सांभाळा.