बिनपंख्याचा संगणक

संगणकात पंखा नको, हा स्टीव्ह जॉब्स यांचा फार जुना हट्ट. 1980 साली अ‍ॅपल कंपनीने ‘अ‍ॅपल थ्री’ बाजारात आणला, तेव्हा त्यात पंखा नव्हता आणि हवेसाठी झरोकेही नव्हते. आतली उष्णता बाहेर काढण्याचे काम ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीवर सोपवले होते. सुरुवातीची बरीच यंत्रे बिघडली. सॉकेटमधल्या चिप सैल व्हायच्या, आणि त्यावर ग्राहकांना सुचवलेला उपाय अजब होता: यंत्र टेबलापासून काही इंच वर उचला आणि सोडून द्या! दोष तापण्याचा की दाटीवाटीने आखलेल्या बोर्डाचा, यावर जाणकारांचे एकमत नाही.

पुढे 2000 साली त्याच कंपनीचा ‘जी-फोर क्यूब’ आला. खालून गार हवा आत, वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर, आणि आवाज नाही. तो देखणा इतका, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात ठेवला. पण किंमत 1,799 डॉलर. वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबले.

जॉब्स यांना पंख्याचा आवाज खुपत होता. कारखान्यांना खुपते ती धूळ. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत सतत कापसाचे तूस उडत असते. तिथे पंखा लावलेला संगणक ते तूस आत ओढून घेतो, पाती जाम होतात, आणि ज्याने गार ठेवायचे तोच बंद पडतो. म्हणून बस, इस्पितळे, कारखान्यातली पॅनेल अशा ठिकाणी बिनपंख्याची छोटी पेटी बसवण्याकडे कल वाढला. अशा पेटीत कवच हे नुसते झाकण नसते. चिपची उष्णता हवेत सोडण्याचे काम तेच करते.

इस्राएलमधल्या कॉम्प्युलॅब कंपनीचा 2009 सालचा ‘फिट-पीसी टू’ घ्या. लांबी 115 मिलिमीटर, रुंदी 101, जाडी 27. म्हणजे तळहातावर मावणारा. भर कामात वीज सुमारे 8 वॉट. आता ढोबळ हिशेब मांडू. स्थिर हवेत एक चौरस मीटर पृष्ठभाग, तापमानातल्या दर अंश फरकामागे, साधारण 10 वॉट उष्णता सोडतो. या पेटीचा सगळा पृष्ठभाग भरतो जेमतेम 350 चौरस सेंटिमीटर. तेव्हा 8 वॉट बाहेर टाकायला तिला भोवतालच्या हवेपेक्षा 23 अंश जास्त तापावेच लागते. खोलीत 30 अंश असतील तर कवच 53 अंशांवर. नागपुरात मे महिन्यात खोली 45 अंशांवर गेली तर 68, म्हणजे हात ठेववणार नाही. कागदावरचे हे गणित आधी, पेटीचे रूप नंतर.

आता हीच पेटी भिंतीला पाठ घट्ट टेकवून बसवा. मागची बाजू, म्हणजे पृष्ठभागाचा एक-तृतीयांश, कामातून गेला. 23 चे झाले 34 अंश! म्हणूनच पेटी टांगायचा ब्रॅकेट शेवटी ‘बघू’ म्हणून सोडून देण्याची वस्तू नाही. पेटी आणि ब्रॅकेट एकाच वेळी आखायला हवेत. मॉनिटरच्या पाठीवर 75 किंवा 100 मिलिमीटर अंतराची चार भोके असतात, हे मोजमाप व्हेसा या संस्थेने ठरवून दिलेले. तिथे संगणक टांगला की टेबल मोकळे होते, पण मॉनिटर स्वतःही तापलेला असतो. चांगला ब्रॅकेट दोघांमध्ये फट ठेवतो आणि पेटीच्या कवचावर कोरलेल्या खाचा उभ्या येतील असाच बसतो, कारण गरम हवा वर जाते. आडव्या खाचांत ती कोंडते. कारखान्यातल्या पॅनेलमध्ये 35 मिलिमीटरची पट्टी असते, तिच्यावर संगणक क्लिपने अडकवतात. बंद पॅनेलमधली हवा खोलीपेक्षा गरम असते. खोलीचे तापमान धरून हिशेब करणारा तिथे हमखास फसतो.

आराखडा कागदावरून हातात येतो तो साधारण असा. आधी थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा नमुना काढतात. वायरी कुठून निघतात, स्क्रूपर्यंत स्क्रूड्रायव्हर पोचतो का, हे त्यात कळते. उष्णतेबद्दल मात्र तो मुका. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा कोरून, चिपच्या जागी तापणारा रेझिस्टर बसवून, जागोजागी तापमापक तारा चिकटवून पाहतात. खरा वैरी सापडतो तो चिप आणि कवच यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत. अ‍ॅल्युमिनियम हवेपेक्षा हजारो पटींनी चांगले उष्णतावाहक, त्यामुळे ती फट मऊ थर्मल पॅडने भरावीच लागते. रंगाची गंमतही तिथेच कळते. कोरे, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णतेचे किरण फारसे सोडत नाही; ॲनोडायझिंग केले, म्हणजे त्यावर ऑक्साइडचा थर चढवला, की कित्येक पटींनी जास्त सोडते, मग रंग काळा असो वा रुपेरी. काळी पेटीच जास्त थंड राहते, हा निव्वळ समज.

पूर्ण धातूच्या पेटीची एक अडचण उरतेच: वायफायच्या लहरी तिच्यातून जात नाहीत. अँटेना बाहेर काढावा लागतो, किंवा एका बाजूला प्लॅस्टिकची खिडकी ठेवावी लागते.

दुकानात अशी पेटी घेताना प्रोसेसरचे नाव विचारून थांबू नका. माहितीपत्रकात भोवतालच्या हवेचे किती तापमान चालेल ते पाहा, आणि तो आकडा कोणत्या डिस्कसह दिला आहे तेही, कारण फिरत्या हार्डडिस्कची सहनशक्ती साधारण 60 अंशांना संपते. घरी आणल्यावर भिंतीपासून चार बोटे जागा सोडा, खाचा उभ्या ठेवा, आणि वर वह्या-फायली रचू नका.