रीसेट दाबण्याआधी



१ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीची स्थापना झाली ती इथेच, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण त्या वेळी हजर होते. तेव्हापासून वागळे, डोंबिवलीचे दोन फेज आणि अंबरनाथ या पट्ट्यात मशीनं चालत आली, आणि बंद पडत आली. मशीन चालतं त्याचं श्रेय उत्पादन विभागाला मिळतं. बंद पडलं की आपल्याला, मेन्टेनन्सवाल्यांना, फोन येतो.

डोंबिवलीत २०१७ साली ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिथे लेखनाबद्दल पुष्कळ बोललं गेलं असणार. मीही आज लेखनाबद्दलच बोलणार आहे, पण माझा विषय आहे मेन्टेनन्सचं रजिस्टर.

मशीनच्या मोटरी चालवणाऱ्या सर्व्हो ड्राइव्हवर बिघाडाचा कोड दिसला की ऑपरेटरचा हात आधी रीसेटकडे जातो. त्याला दोष देता येत नाही, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं. पण वॉर्निंग आणि अलार्म यांतला फरक तरी त्याला कुणी समजावून दिला आहे का? अलार्मला मोटर थांबते. वॉर्निंगला मोटर बहुधा चालू राहते, म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही. मित्सुबिशीच्या एमआर मालिकेत ई१ ही ओव्हरलोडची वॉर्निंग अलार्मच्या पातळीच्या ८५ टक्क्यांवर येते. तिथून एएल ५० या अलार्मपर्यंत उरलेले १५ टक्के हाच आपला वेळ. यास्कावाच्या ड्राइव्हवर तेच काम ए.९१० करतो, पुढे ए.७१० किंवा ए.७२० येतो. कंपनी वेगळी, आकडे वेगळे, पण क्रम तोच.

आणखी एक गोष्ट. ओव्हरलोडचा हा हिशेब ड्राइव्ह करंट आणि वेळ यांवरून मांडतो, मोटरला हात लावून नाही. मेन स्विच बंद-चालू केला की बऱ्याच ड्राइव्हमध्ये हा हिशेब कोरा होतो. मोटर मात्र तापलेलीच असते. म्हणून मॅन्युअलमध्ये कारण शोधा आणि साधारण अर्धा तास थंड होऊ द्या असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे पाच मिनिटांत तीनदा स्विच मारतात, आणि मग मोटर रिवाइंडिंगला कुठे देता येईल याची चौकशी सुरू होते.

कोड ही साक्ष आहे, निकाल नव्हे. वागळेतल्या एका कारखान्यात उभ्या झेड अक्षावर रोज ओव्हरलोड यायचा. मोटर बदलली, ड्राइव्हही बदलला, पैसे गेले. दोष निघाला ब्रेकच्या २४ व्होल्टमध्ये. रिलेचे काँटॅक्ट झिजले होते, ब्रेकपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नव्हतं, ब्रेक अर्धवटच सुटायचा आणि मोटर त्याला घासत फिरायची. पॅनेलमध्ये मोजलं तर २४ बरोबर. खुद्द ब्रेकच्या टोकाशी मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आता ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या खास तक्रारींकडे येतो. पहिली दिवाळीनंतरची. अॅब्सोल्यूट एन्कोडरला अक्षाची जागा लक्षात ठेवायला बॅटरी असते, बऱ्याच ड्राइव्हमध्ये ३.६ व्होल्टची लिथियम. ती उतरायला लागली की वॉर्निंग येते, मशीन छान चालू असतं आणि कुणी मनावर घेत नाही. दिवाळीत पाच-सहा दिवस मेन बंद. कंट्रोल पॉवर नाही, सगळा भार त्या उतरलेल्या बॅटरीवर. कारखाना उघडतो त्या सकाळी मित्सुबिशीवर एएल २५, फॅनकवर ३००, आणि सगळ्या अक्षांची होम पोझिशन गेलेली. बॅटरी कंट्रोल पॉवर चालू ठेवूनच बदलायची, हे माहीत असलेलेही सुट्टीच्या दिवशी मेन पाडून निवांत बदलतात, आणि शाबूत असलेली पोझिशनही घालवतात.

दुसरी तक्रार रात्रीची, आणि मला सगळ्यांत जास्त रस हिच्यात. आपला पुरवठा ४१५ व्होल्टचा, जपानी ड्राइव्ह बहुतेक २०० व्होल्टच्या वर्गातले, मध्ये ट्रान्सफॉर्मर. दुय्यम बाजूला २२० असले तर ड्राइव्हमधली डीसी बस साधारण ३११ व्होल्टवर बसते. रात्री शेजारचे गाळे बंद होतात, लाइन वर चढते. दहा टक्के वाढली तरी बस ३४० च्या पुढे. मोटर थांबताना जनरेटर होते, तिची ऊर्जा या बसवर येते, आणि ओव्हरव्होल्टेजचा अलार्म बसलाय साधारण ४०० वर. दिवसा जी जागा शिल्लक होती ती रात्री राहत नाही. ही ऊर्जा जिरवणारा रीजनरेशनचा रेझिस्टर जास्त वेळा चालू होतो, मित्सुबिशीवर त्याची ई० वॉर्निंग येते, कधी थेट ओव्हरव्होल्टेज. सकाळी सर्व्हिस इंजिनीअर येतो तेव्हा सगळं ठीक. तो म्हणतो, ऑपरेटरच काहीतरी करतो. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलला की तक्रार मिटते. फक्त रात्री अडीच वाजता कुणीतरी मीटर लावून आकडा लिहिलेला हवा.

तिसरी हवेची. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तो सगळ्यांना आठवतो. पण पॅनेलमध्ये रोज काय शिरतं ते दिसत नाही. गंधकाच्या वाफेने तांबं आणि चांदी काळी पडते, कनेक्टरच्या पिनांचा काँटॅक्ट कच्चा होतो आणि एन्कोडर कम्युनिकेशनचा अलार्म अधूनमधून येऊ लागतो. त्यात एप्रिलमध्ये पॅनेलचं दार उघडं टाकून समोर टेबल फॅन लावायची आपली पद्धत. ड्राइव्हला ५५ अंशांपर्यंतची हवा चालते, पण ही वाफ नाही चालत. दार बंद करा, फिल्टर धुवा.

फोनवरच्या निदानाबद्दलही बोललं पाहिजे. संध्याकाळची स्लो लोकल, कोपर आणि दिव्याच्या मध्ये, कानाला फोन. ‘काय दिसतंय स्क्रीनवर?’ ‘साहेब, लाल दिसतंय.’ मग व्हॉट्सअॅपवर फोटो. तीन अंकी डिस्प्ले कोडचे तुकडे आळीपाळीने दाखवतो, त्यामुळे फोटोत हमखास अर्धा कोड येतो. फोटो नको, दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवा.

एवढ्यासाठी रजिस्टर हवं. रीसेटच्या आधी कोड पूर्ण उतरवा, मधल्या टिंबासकट. अक्ष कोणता, तेव्हा मशीन काय करत होतं, टेबल कुठल्या पोझिशनला होतं. एन्कोडर केबल ड्रॅग चेनमध्ये आतून तुटलेली असेल, तर अलार्म दर वेळी त्याच जागी येतो, आणि ते कळायला चार नोंदी पुरतात. शेजारी वेल्डिंग सुरू होतं का, तेही लिहा. जे मराठीत सुचतं ते मराठीत लिहा, ‘आवाज घोगरा झाला’ असंसुद्धा. ड्राइव्हच्या अलार्म हिस्टरीत आकडे मिळतात, घोगरा आवाज मिळत नाही. रजिस्टर ऑपरेटरच्या हाताशी ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको. आणि नोंद केली म्हणून त्याच्यावर मशीन बंद ठेवल्याचा ठपका येणार असेल, तर तो कधीच लिहिणार नाही. हे मालकमंडळींनी ऐकून ठेवावं; पहिल्या रांगेत काहीजण बसलेले दिसताहेत.

जेवणानंतरच्या सत्रात ड्रॅग चेनमधून काढलेल्या जुन्या केबल कापून बघायच्या आहेत. ज्यांनी आपल्या आणल्यात त्यांनी त्या मशीनच्या शेवटच्या नोंदीही सोबत ठेवाव्यात.