माळावरच्या झाडांचे पंचांग



वसंतावर बोलायला कवीला बोलावण्याची आपल्याकडे रीत आहे. चिटणीसांनी ती मोडून बिडी कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला उभे केले आहे. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांत आणि मजुरांच्या संगतीत. तेव्हा आज पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. एक साधा प्रश्न आहे, तो आपल्यापुढे मांडतो.

तो प्रश्न मला बिडीच्या पानाने घातला. किनवटपासून गडचिरोलीपर्यंत टेंभुर्णीची पाने उन्हाळ्यात तोडतात. पान अगदी कोवळे असून चालत नाही आणि जून झालेलेही चालत नाही. त्यामुळे हंगाम थोड्या दिवसांचा असतो. मजुरीची सारी भांडणे त्या थोड्या दिवसांत मिटवावी लागतात. पण मुळात हे झाड नवे पान काढते केव्हा? चैत्रात! पाऊस दोन महिने दूर, विहिरींनी तळ गाठलेला, जमीन तापलेली. अशा वेळी कोवळे पान उन्हात धरण्याचे या झाडाला काय अडले आहे? माणसाने असा व्यवहार केला तर आपण त्याला वेड्यात काढू. झाड तो दरवर्षी करते आणि टिकते. त्या अर्थी त्याचा हिशेब पक्का असला पाहिजे.

हा हिशेब पाण्याचा आहे. औंढ्याच्या भोवतीच्या टेकड्या आणि माळ पाहा. खाली काळा पाषाण, वर मुरमाचा थर, त्यावर कुसळी, मारवेल, पवन्या अशी गवते आणि मधून मधून पळस, हिवर, बोर, सालई, साग. गवताची सलग चादर आणि त्यात विखुरलेली झाडे, अशा प्रदेशाला जगभर सवाना म्हणतात. आपल्या भाषेत माळरान. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि उरलेले आठ महिने त्या शिलकीवर काढायचे असतात. गवत आपला संसार लवकर आटोपते. भाद्रपद-आश्विनात फुलोरा, मार्गशीर्षापर्यंत बी झडून काड्या पिवळ्या. झाडांना मात्र तग धरायचा असतो, आणि त्यासाठी त्यांनी निरनिराळे मार्ग काढले आहेत.

पहिला मार्ग पानझडीचा. पान म्हणजे झाडाचा स्वयंपाक करणारे अंग, पण तेच पाणी उडवणारेही अंग आहे. पाणी सरत आले की पळस, पांगारा, काटेसावर, सालई पाने टाकून देतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड वाळले. वास्तविक पान गेल्यावर खर्च थांबतो, मुळे जमिनीच्या खोल थरातले उरलेसुरले पाणी ओढत राहतात आणि खोड पुन्हा पाण्याने भरते. पांगारा, काटेसावर, सालई यांचे लाकूड मऊ, पाणी धरून ठेवणारे. कोस्टारिका देशाच्या ग्वानाकास्ते प्रांतात पीटर राइख आणि रॉल्फ बोर्शर्ट या दोन शास्त्रज्ञांनी झाडांच्या बुंध्यांचा घेर मोजून हीच गोष्ट दाखवली. त्यांचा निबंध १९८४ सालचा आहे. पाने गळल्यावर कोरड्या हंगामातच खोड पुन्हा भरते आणि मग कळी उमलते, पालवी फुटते. टेंभुर्णीच्या चैत्रातल्या पानाचे कोडे येथे बरेचसे उलगडते.

निष्पर्ण फांदीवर फुलण्याचे इतर फायदेही आहेत. डॅनियल जॅन्झन यांनी मध्य अमेरिकेतील झाडांवरील आपल्या १९६७ सालच्या निबंधात ते मांडले. पानांचा पडदा नसल्याने फूल दुरून दिसते, परागण करणारे जीव या दिवसांत मोकळे फिरतात, आणि झाडाला त्या वेळी वाढीच्या चढाओढीत गुंतावे लागत नाही. आपल्या पळसावर आणि काटेसावरीवर फाल्गुनात साळुंक्यांची जी गर्दी होते तिचा अर्थ हाच. पुढे पळसाची चपटी, टोकाला एकच बी असलेली शेंग आणि सावरीचा कापूस वैशाखाच्या वाऱ्यावर निघतो, तेव्हाही वाटेत पाने आडवी येत नाहीत.

दुसरा मार्ग सदाहरित झाडांचा. आंबा, जांभूळ ही झाडे ओढ्याकाठी किंवा खोल मातीत मूळ रोवून असतात. खाली पाणी हाताशी असल्याने ती उघडी पडत नाहीत. जुने पान जाते तोच नवे तांबूस पान येते. ज्याला आपण चैत्रपालवी म्हणतो ती हीच अदलाबदल. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विन शहराभोवतीचा सवाना पाहिला तर तेथील मुख्य झाडे, म्हणजे निलगिरीच्या जाती, बारमाही हिरवी आहेत, आणि तीही कोरड्या हंगामातच फुलतात. म्हणजे हिरवे आणि उघडे, दोघांनाही उन्हाळा बंद दुकानासारखा नाही.

मग सगळीच झाडे उन्हाळ्यात का फुलत नाहीत? सागाकडे पाहा. तोही पानझडी, पण त्याचा फुलोरा भर पावसाळ्यात येतो. कारण त्याचे तुरे नव्या फुटीच्या शेंड्यावर लागतात. आधी फूट वाढली पाहिजे, मग फूल. बोरीचेही तसेच. तिची फुले त्याच वर्षीच्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतात, म्हणून बहर पावसाळ्यात आणि फळ हिवाळ्यात. पळस मात्र साठवणीच्या पैशावर जुन्या फांदीलाच फूल काढतो.

फळांचा हिशेब आणखी काटेकोर आहे. जांभळाची बी वाळली की मरते. कडुनिंबाच्या बीची उगवणशक्तीही फार दिवस टिकत नाही. म्हणून ही फळे ज्येष्ठ-आषाढात, पावसाच्या तोंडावर किंवा पावसातच पिकून पडतात. बाभळीचे बी कठीण कवचाचे. ते शेळीच्या पोटातून जाऊनही शाबूत राहते आणि जमिनीत वर्षानुवर्षे वाट पाहते. त्याला घाई नाही. आपल्या नागनाथाला वाहिल्या जाणाऱ्या बेलाची गोष्ट तर याहून नवलाची. त्याचे फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागते. उन्हाळ्यात एकाच झाडावर गेल्या वर्षीचे पिकले फळ आणि यंदाचे फूल अशी दोन वर्षे शेजारी दिसतात.

आपल्या वाडवडिलांनी हे पंचांग सणांत बांधून ठेवले. संक्रांतीला बोरन्हाण, शिवरात्रीला कवठ, होळीला पळसाचा रंग, पाडव्याला निंबाचा मोहोर. भाविकतेने आपण ते पाळतो. त्यातले निरीक्षणही पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ज्या महिन्यांना आपण ‘रिकामा हंगाम’ म्हणतो त्याच महिन्यांत माळ सर्वांत जास्त देतो. फेब्रुवारी ते मे या काळात शेतात मजुरी नसते. ऊसतोडीला गेलेली माणसे परतू लागलेली असतात, उचलीचे पैसे संपलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत मोहाचे फूल पहाटे जमिनीवर पडते, चारोळी पिकते, टेंभुर्णीचे पान तोडणीला येते, शेळ्यांना बाभळीची शेंग मिळते. भूमिहीनाच्या चुलीला या झाडांनी जो हातभार लावला, त्याची नोंद कोणत्याही हजेरीपत्रकात नाही. तेंदूपानाचा व्यापार १९६९ च्या कायद्याने राज्य सरकारच्या हाती गेला. बिडी वळणाऱ्यांसाठी १९६६ साली कायदा झाला. गौण वनोपजावर वनवासींचा हक्क २००६ च्या कायद्याने मान्य झाला. हे सारे लढून मिळाले. पण झाडच नसेल, किंवा ते वेळेवर फुलले नाही, तर हक्काचा कागद काय कामाचा?

सरकारी दप्तरात अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. पाने नाहीत म्हणून झाड मेले आणि दाट रान नाही म्हणून जमीन वाया गेली, ही एकाच जातीची समजूत आहे. जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली आशियातील सवानांवर निबंध लिहून सांगितले की ही माळराने म्हणजे बिघडलेली जंगले नव्हेत. त्यांचा इतिहास फार प्राचीन आहे. तरीही आपण उत्साहाने माळ खोदतो आणि एकाच जातीची रोपे ओळीने लावतो. मग गवतही जाते आणि आठ महिने पाळीपाळीने चालणारा हा कारभारही मोडतो. उन्हाळ्याच्या अखेरीस लागलेला वणवा हिवाळ्यातल्या आगीपेक्षा कडक असतो, आणि तो येतो फळ पिकण्याच्या वेळी. आभाळाचाही भरवसा राहिलेला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. मोहोराच्या दिवसांत अशी गारपीट झाली की त्या वर्षाचे फळ गेले.

या तालुक्यातल्या दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा कंप येथे मोजला जाणार, याचा मला अभिमान वाटतो. त्याच गावच्या माळावर पळस कोणत्या तारखेला फुलला, बोर केव्हा पिकले, हे मोजायला मात्र यंत्र लागत नाही. एक वही आणि रोज त्या वाटेने जाणारा माणूस पुरे. शाळेतल्या मुलांनी दहा झाडे निवडावीत आणि पहिली कळी, पहिले पान, पहिले पिकले फळ यांच्या तारखा लिहाव्यात. शेळ्या राखणाऱ्या आणि सरपण वेचणाऱ्या बाया-माणसांना विचारून लिहाव्यात, कारण हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे आणि त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. दहा वर्षांची अशी वही झाली की माळ पडीक म्हणणाऱ्यापुढे ती ठेवता येईल. रोप कोणते लावावे, केव्हा लावावे आणि कोठे मुळीच लावू नये, हेही ती सांगेल.

हे काम या पावसाळ्याच्या आधी सुरू व्हावे, अशी माझी विनंती आहे.