दवाखाना आपला वाटतो का?



वैनगंगा ओलांडून आपण आमच्या गडचिरोलीत आलात. स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

आरोग्यसेवेची गुणवत्ता कशावर ठरते, हा या परिषदेचा विषय. इमारत, मनुष्यबळ, औषधसाठा यांवर आपण बोलालच आणि बोललेच पाहिजे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या दिवशी कळा सुरू झालेल्या बाईचा जीव उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे परिचारिका-सुईण, आणि तिच्याजवळचे ऑक्सिटोसिन यांच्या हाती असतो. वीज नसल्याने ते इंजेक्शन थंड राहिले नसेल, तर साठा रजिस्टरात दिसतो, पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबेलच याचा भरवसा उरत नाही. रिक्त पदांचेही तसेच. पद मंजूर झाले म्हणून ओपीडी चालत नाही.

पण मला विचारायचे आहे ते वेगळेच. रुग्णाला दवाखाना आपला वाटतो का? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या ‘सर्च’ या संस्थेचा दवाखाना बांधण्याआधी इथल्या आदिवासींनाच विचारले, की तुम्ही दवाखान्यात यायला का भिता? लोक म्हणाले, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आमच्याकडे पांढरे कापड प्रेतावर घालतात. सोबत आलेल्या घरच्यांना राहायला जागा नसते. कोणत्या तपासणी-सूचीत ही उत्तरे सापडली असती? म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना आदिवासी गावासारखा झाला. नातेवाइकांसह राहता येईल अशा झोपड्या आल्या आणि नाव मिळाले आदिवासींच्या देवीचे, दंतेश्वरी मातेचे.

लोकांवर विश्वास टाकला की उपचारही सुधारतात, हेही याच जिल्ह्याने दाखवले. ‘सर्च’ने 39 गावांत नवजात बाळांची काळजी गावातल्याच प्रशिक्षित बायकांवर सोपवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्ष छापले, तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटलेला होता. आज देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन घेतात, ताप पाहतात, त्यामागे हा अनुभव आहे.

तरीही काम बाकी आहे. माडिया भाषेतून आपले दुखणे सांगणाऱ्या आजीचे बोलणे मराठी केसपेपरवर येईपर्यंत निम्मे गळून जाते. तिची भाषा समजणारे कुणी नसेल, तर त्या दवाखान्याला तपासणीत पूर्ण गुण मिळाले तरी मी त्याला चांगला म्हणणार नाही.

म्हणून यजमानांच्या दोन विनंत्या. प्रत्येक सत्रात आधी आशाताई आणि एएनएम यांना बोलू द्या, तज्ज्ञांनी त्यानंतर बोलावे. आणि या भागातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात माडिया-गोंडी जाणणाऱ्या मदतनिसाचे पद असावे, असा ठराव इथून शासनाकडे जाऊ द्या.