‘बघतो’, ‘हाय’ आणि ‘हो जाएगा जी’
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा सारांश)



आपण बहुतेक जण नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद इथे आलो आणि इथलेच झालो. आपल्या कार्यालयांत पंजाबी, बिहारी, मल्याळी, मणिपुरी एका हॉलमध्ये बसतात. निवृत्तीला आलेल्या साहेबांशेजारी नुकताच लागलेला इंजिनिअर असतो. एखादा गप्प राहिला किंवा तुटक बोलला की आपण चटकन म्हणतो, ‘त्याचा स्वभावच तसा!’ तीस वर्षांच्या नोकरीनंतर मला वाटते, की स्वभावाला आपण फारच दोष देतो.

साधा होकार घ्या. मराठी माणूस ‘बघतो’ म्हणाला, तर आपल्याला कळते की काम होईलच असे नाही. दिल्लीकर ‘हो जाएगा जी’ म्हणतो तेव्हा तो धीर देतो. तारीख देतोच असे नाही. जपानी माणूस ‘हाय’ म्हणतो, त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकले’ एवढाच असतो, ‘मान्य’ असा नव्हे. तिघेही प्रामाणिक, तरी महिनाअखेरीस तिघे एकमेकांना खोटे ठरवतात! आपला स्पष्टवक्तेपणाही इथे उद्धटपणा वाटू शकतो. म्हणून मी एक सवय लावून घेतली : बैठक संपताना ‘कोण, काय, कधी’ हे मोठ्याने वाचायचे. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

एका कार्यालयात पाहिलेली गोष्ट सांगतो. एक तरुण सहकारी बैठकीत कधीच बोलत नसे. ‘तिला कामात रस नाही,’ असा शेरा तिच्या वार्षिक अहवालात जाणार होता. बैठक असे संध्याकाळी साडेपाचला आणि कंपनीची शेवटची बस सुटे सव्वासहाला. तिचा एक डोळा घड्याळाकडे. पुढे काही कारणाने बैठक सकाळी अकराला होऊ लागली. पहिल्याच महिन्यात तिने वेळापत्रकातली अशी चूक दाखवली, की सगळे चपापले. तिचा स्वभाव तोच होता, फक्त वेळ बदलली होती. तो शेरा लिहिला गेला असता, तर तिची बढती गेली असती आणि कारण कोणालाच कळले नसते.

व्यवस्था बदलली की वागणे बदलते, याचे मोठे उदाहरण आपल्या गुरुग्राममध्येच आहे. १९८२ मध्ये मारुती उद्योगाचा सुझुकीशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. साहेबांची केबिन वेगळी, जेवण वेगळे, अशी तेव्हा आपल्याकडची रीत. तिथे मात्र सर्वांना एकच गणवेश, एकच कॅन्टीन आणि बिनभिंतींचे ऑफिस आले. रांगेत मागे साहेब उभे असले की बोलायची भीती आपोआप कमी होते.

पण एवढ्याने भागत नाही, हेही त्याच उद्योगाने दाखवले. जुलै २०१२ मध्ये मानेसरच्या कारखान्यात हिंसाचार झाला आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्या हिंसेचे समर्थन होऊच शकत नाही. मात्र कायम आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनातली तफावत हा तिथल्या असंतोषाचा एक मोठा मुद्दा होता. ताट एक आणि पगारपत्रक निराळे असेल, तर एकोपा वरवरचाच राहतो.

आता थोडे आपल्याविषयी. जेवणाच्या टेबलावर दोन मराठी माणसे भेटली की मराठी सुरू होते. आनंद आहे! पण तिसरा सहकारी मान खाली घालून जेवत असतो आणि दुपारी आपणच म्हणतो, ‘हा फारसा मिसळत नाही.’ आपल्यापैकी अनेकांनी दिल्लीतल्या पहिल्या वर्षी त्याच जागी बसून जेवण केले आहे. मराठी जपूया, पण त्याला दोन वाक्ये समजावून सांगूया.

उद्या कामावर गेल्यावर आपल्या विभागातला सर्वांत गप्प माणूस शोधा. त्याच्याबद्दल मत बनवण्याआधी बैठकीची वेळ, भाषा आणि त्याची बसायची जागा तपासा. आणि परवाच्या आरतीला त्यालाही घेऊन या.

गणपती बाप्पा मोरया!